कुलपाचा सीन

मला सगळे मावशी म्हणतात. सिनेमाच्या युनिटमध्ये पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरं काय म्हणावं हे कोणाला सुचत नाही. माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये माणसाने कप उजव्या हातात धरला असेल, तर दोन दिवसांनी घेतलेल्या पुढच्या शॉटमध्येही तो उजव्याच हातात आहे ना, हे बघायचं. बाही किती दुमडली होती, ग्लासात पाणी कुठपर्यंत होतं, खिडकीचा पडदा किती सरकवला होता. लोकांना वाटतं, फोटो काढून ठेवले की झालं. फोटो कोणीही काढेल हो. त्यात काय चुकलंय ते दिसायला डोळे लागतात आणि दिग्दर्शकाला तोंडावर सांगायला जीभ लागते. माझ्याकडे दोन्ही आहे, म्हणून मला मोठी कामं कमी मिळतात आणि अशी जास्त.

अशी म्हणजे खिसा फाटका आणि छाती पुढे काढलेली. ह्या सिनेमाचा दिग्दर्शक तिशीतला. त्याची आई त्याला ‘धाकटा’ म्हणायची, म्हणून दोन दिवसांत अख्खं युनिट त्याला पाठीमागे धाकटा म्हणायला लागलं. गोष्ट त्याच्याच घरातली होती. थोरला मुलगा नशेच्या नादी लागतो, घरातली एकेक वस्तू विकून खातो, आणि शेवटी घर त्याच्यासाठी दार बंद करतं. शूटिंगही त्याच्याच घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, जिथे कॅमेरा आत गेला की माणसाने बाहेर यायचं. आणि आईचं काम करायला त्याची आईच. नटी परवडत नव्हती हे खरं कारण. आपल्याला अभिनय नको, खरेपणा हवा, हे चारचौघांत सांगायचं कारण.

त्याच्या आईंना मी ताई म्हणायचे. आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, सैल करून दिलेल्या. कॅमेऱ्याकडे त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघत नाही आपण, तसं. संवाद पाठ नसायचे, पण त्यांच्या तोंडून जे यायचं ते कागदावर लिहिलेल्यापेक्षा बरं असायचं, आणि हे धाकट्यालाही कळत होतं. तो तोंड वाकडं करायचा, पण शॉट ओके करायचा.

थोरल्याचं काम करणारा पोरगा भूमिकेसाठी महिनाभर उपाशी राहून आला होता. गालफडं बसलेली, मनगटं काटकुळी. त्याला आम्ही काडी म्हणायचो. आता हा असा पोरगा ताईंच्या स्वयंपाकघराच्या दारात दिवसभर उभा. त्यांच्याने राहवतंय होय? शॉटच्या मध्येमध्ये त्या त्याला कोपऱ्यात घेऊन खाऊ घालायच्या, आणि तो गुणाचा पोरगा ‘नको नको’ म्हणत सगळं संपवायचा. पहिला आठवडा संपेपर्यंत त्याचे गाल वर यायला लागले. सिनेमा पुढून मागे, मधून कुठूनही शूट होतो. म्हणजे पडद्यावर हा सोमवारी मरायला टेकलेला आणि त्याच संध्याकाळी चांगला गुटगुटीत. मी ताईंशी भांडले. त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी मला दिसणार नाही अशा जागी डबा ठेवला. मेकअपवाल्याने काळं फासून गाल पुन्हा आत ढकलले. नाकी नऊ आले आमच्या.

खऱ्या थोरल्याची गोष्ट मला ताईंनीच सांगितली, तुकड्यातुकड्यांनी, गॅलरीत चहा पिताना. तो गोदामात कामाला होता. पाठ दुखावली, डॉक्टरने गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. मग गोळ्यांच्या जोडीला दारू. आधी मिक्सर गेला, मग ताईंचं शिवणाचं मशीन गेलं, आणि मग धाकट्याने शिकवण्या करून घेतलेला पहिला कॅमेरा गेला. त्यावरून दोघा भावांची हाणामारी झाली. शेजाऱ्यांनी सोडवली. थोरला त्या दिवशी घरातून निघाला त्याला आठ-नऊ वर्षं झाली, पत्ता नाही. कोणी म्हणालं अमक्या शहरात दिसला, कोणी म्हणालं सुधारला, कोणी म्हणालं संपला. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या.

जाताना तो घराची किल्ली घेऊन गेला. तेव्हा नातेवाईक, शेजारी, भिशीच्या बायका, झाडून सगळ्यांनी ताईंना सांगितलं की कुलूप बदला, नाहीतर एक दिवस घर धुऊन नेईल. ताईंनी बदललं नाही; कोणी चावीवाला आणून उभा केला, तोही परत पाठवला. ते कुलूप आताशा अडायचं, किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागायची, तरी नाही. त्याच्याकडे ह्याची किल्ली आहे, एवढंच त्या म्हणायच्या. आला आणि दार उघडलं नाही, तर कुठे जाईल तो? हे त्यांनी मला काही रडत-भेकत सांगितलं नाही. दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं.

आता गंमत बघा. धाकट्याच्या पटकथेत मात्र कुलूप बदलतात. सिनेमाचा शेवटाकडे जाणारा सगळ्यात मोठा सीन तोच. चावीवाला येतो, जुनं कुलूप काढतो, नवं बसवतो, आई बघत राहते. मग रिकामा जिना. धाकट्याचं म्हणणं, सबंध सिनेमा ह्या एका क्षणाकडे चालत येतो. ताईंचं म्हणणं, असं झालंच नव्हतं. त्यावरून माय-लेकांची धुसफूस शूटिंगच्या आधीपासून चालू होती. शेवटी ताई म्हणाल्या, तुला करायचंच असेल तर दुसऱ्या कोणाच्या दारावर कर, माझ्या दाराला हात लावू नकोस. धाकट्याने कबूल केलं. हे कबूल केल्याचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की त्या सीनसाठी सुताराकडून एक खोटं दार येणार आहे.

सुतार आला नाही. फोन उचलेना. त्या दिवशी ताई रक्तदाब दाखवायला डॉक्टरकडे गेल्या होत्या. उजेड छान होता, काडी तयार होता, गल्लीच्या तोंडाशी बसणारा खरा चावीवाला हौसेने दाढी करून आला होता. धाकटा दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, आहे त्याच दारावर घेऊ, आईच्या चेहऱ्याचा शॉट नंतर वेगळा घेता येईल.

चावीवाल्याला सांगितलं की तू रोज करतोस तसंच कर, आम्ही इथे नाहीच असं समज. त्याने अक्षरशः तसंच केलं. स्क्रू काढले, जुनं कुलूप फळीतून बाहेर ओढलं, नवं बसवलं, किल्ली दोनदा फिरवून बघितली, फुंकर मारून भुसा उडवला. एका टेकमध्ये ओके. टाळ्याही वाजल्या. मग त्याने रोजच्यासारखंच जुनं कुलूप आपल्या पिशवीत टाकलं आणि गेला. जुना माल घेऊन जायची त्याची पद्धतच होती, त्यात पितळ असतं. मी थोड्या वेळाने विचारलं की ते कुलूप कुठे ठेवलंय, मला पुढच्या सीनला लागेल. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. धाकटा म्हणाला, आणू उद्या. तसंही ‘कुलूप बदलल्यानंतर’चे काडीचे एकट्याचे सीन आधी उरकायचे होते, त्यात नवंच कुलूप दिसायला हवं होतं. ते राहिलं तसंच.

ताईंना कळलं नाही. कळणार कसं? शूटिंगमध्ये दार दिवसभर सताड उघडं, भिंतीला टेकलेलं, मधून वायरी गेलेल्या आणि हँडलवर कोणाचं ना कोणाचं जॅकेट. रात्री धाकटाच बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि दार तोच लावायचा. मला वाटलं त्यांना माहीत आहे, म्हणून मीही विषय काढला नाही.

आता समोरच्या काकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिन्याच्या पलीकडच्या दारात एक निवृत्त काका एकटे राहायचे. चारेक वर्षांपूर्वी राहायला आलेले. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी काडी दारात उभा राहून किल्ली चाचपण्याचा शॉट देत होता, तर काका भसकन बाहेर आले आणि कोण पाहिजे म्हणून त्याची उलटतपासणी सुरू केली. दुसऱ्या टेकला पुन्हा तेच, आता त्यांना फक्त पाणी हवं का ते विचारायचं होतं. धाकट्याने कपाळावर हात मारला. मग स्वतः त्यांच्याकडे जाऊन हात जोडून सांगितलं की काका, आमच्या दाराशी कोणी किल्ली लावताना दिसलं, तर कृपा करून बाहेर यायचं नाही, बोलायचं नाही, आवाज करायचा नाही. सगळा टेक वाया जातो.

काका ही आपली नेमणूकच समजले. त्या दिवसापासून दाराशी कोणी उभं राहिलं की त्यांच्याकडचा रेडिओ बंद. जिन्यात वरचं बिऱ्हाड बोलत यायला लागलं, तर हेच दाराच्या फटीतून बोट काढून त्यांना गप्प करायचे. दाराच्या भोकाला डोळा लावून प्रत्येक शॉट बघायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत येऊन काडीला सांगायचे की आज रडणं कमी पडलं. आमच्यात थट्टेचा विषय झाले होते. पण आवाजवाला म्हणायचा, असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

मग तो हॉस्पिटलचा दिवस आला. एका बंद पडलेल्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये दोन पडदे आणि एक स्ट्रेचर उभं करून आम्ही हॉस्पिटल केलं होतं. ताईंचंही काम होतं, काडीचंही. सकाळीच सगळे घराबाहेर पडलो, कुलूप धाकट्याने लावलं. दुपार उलटून गेल्यावर परत आलो. धाकटा खाली टेम्पोतून सामान उतरवत होता. आम्ही वर आलो तर काका दारातच उभे, हातात पिशवी. म्हणाले, तुमचं सामान बाहेर हँडलला लटकत होतं, कोणी उचलू नये म्हणून आत घेऊन ठेवलं. पिशवीत संत्री होती. सगळे भुकेजलेले, कोणी आणली, कोणाची आहेत, कोण विचारतंय? प्रॉडक्शनने पाठवली असतील म्हणून जिन्यातच सोलायला सुरुवात झाली. पहिलं काडीने घेतलं.

ताई पुढे झाल्या आणि पर्समधून आपली किल्ली काढून त्यांनी कुलपाला लावली. किल्ली अर्धी गेली आणि अडली. त्यांनी सवयीने जरा वर उचलून बघितली. बाहेर काढली, निरखली, पदराला पुसली, पुन्हा लावली. त्यांना नव्या कुलपाचं माहीतच नाही, हे मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका कौतुकाने म्हणाले,

“अगदी असंच. दुपारी तुमच्या त्या नटानेही अगदी असंच केलं. शर्टाला पुसून पुन्हा लावली.”

काडी म्हणाला, काका, मी तर दिवसभर हॉस्पिटलमध्ये होतो.

तू नाही रे, काका म्हणाले. दुसरा. वयाने मोठा, केस पिकायला लागलेला. त्यांना वाटलं होतं, पुढच्या काळातल्या थोरल्यासाठी वेगळा नट घेतला असेल. काय काम केलंन त्याने, म्हणाले. किल्ली लागत नाही म्हटल्यावर कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. बराच वेळ. बेल दाबली, कोणी आलं नाही. मग पायरीवर बसला. आणि काकांनी सांगितलं, अभिमानाने सांगितलं, की कॅमेरा कुठे लपवलाय ते दिसत नव्हतं, पण ते अजिबात बाहेर आले नाहीत. रेडिओ बंद केला. मध्येच खोकला आला होता, तोंडात टॉवेल कोंबून दाबला. तो माणूस एकदा त्यांच्या दारापर्यंतही आला होता, टकटक करायला हात वर केला होता. काका श्वास रोखून उभे राहिले. टेक वाया जाऊ नये म्हणून.

जिन्यातलं सोलणं थांबलं. काकांनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण ते बोलता बोलता मंदावले. ताईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

“पाय लडखडत होते का त्याचे?”

“नाही हो. सरळ उभा होता. कपडे साधे, पण इस्त्री केलेले.”

ताईंनी मान हलवली. मग त्यांची नजर आमच्या हातांवर गेली. सालं, बिया, अर्धी खाल्लेली संत्री. काडीच्या तोंडात फोड होती, ती त्याला गिळताही येईना, टाकताही येईना.

“ह्या वेळी तो काहीतरी घेऊन आला होता,” ताई म्हणाल्या.

धाकटा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन वर आला, तेव्हा त्याला हे मीच सांगितलं. सबंध शूटिंगभर तो भावाला ‘ते पात्र’ म्हणत आला होता. ते पात्र इथे बसेल, ते पात्र आता चिडेल. माझं ऐकून त्याने ट्रायपॉड भिंतीला टेकवला आणि विचारलं, दादा किती वाजता आला होता? काकांनी सांगितलं. तो तसाच पायऱ्या उतरून पळाला. बसस्टँड, स्टेशन, आसपासच्या स्वस्तातल्या खोल्या, जुने मित्र, सगळीकडे जाऊन आला. काडी आणि कॅमेरावालाही दुसऱ्या दिशेला गेले. थोरला आजच का आला, कुठून आला, कोणाला काही ठाऊक नव्हतं. ना कोणाचा वाढदिवस होता, ना काही. त्याला आज यावंसं वाटलं, एवढंच. तीन-चार तासांत माणूस कुठल्या कुठे जातो. तो मिळाला नाही.

ताई घरात गेल्याच नाहीत. धाकट्याने पळताना माझ्या हातात कोंबलेली नवी किल्ली मी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मला म्हणाल्या, चला. आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशी चावीवाल्याकडे गेलो. मला वाटलं होतं, त्याने एव्हाना ते भंगारात घातलं असेल. नव्हतं घातलं, पत्र्याच्या डब्यात इतर दहा कुलपांखाली होतं. ताईंनी आपलं कुलूप हात घालून ओळखून काढलं. तो बिचारा तेव्हाच हत्यारं घेऊन आला आणि दिवेलागणीपर्यंत जुनं कुलूप जागेवर बसलं. ह्या वेळी टाळ्या नव्हत्या. ताईंनी किल्ली लावली, जरा वर उचलली, फिरवली. दार उघडलं.

मी म्हणाले, झालं ना ताई, आता आला तर उघडेल. समजूत घालायला माणूस काहीही बोलतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी लहान पोर आहे.

“आता तो कशाला लावून बघेल?” त्या म्हणाल्या. “त्याला जे समजायचं ते समजलं.”

खरं होतं. कुलूप परत आलं, पण त्याच्या डोक्यात ते बदललेलंच राहणार होतं. घरच्यांनी आपल्याला तोडलं, हे तो आता आयुष्यभर धरून चालणार, आणि त्याला सांगायला ना फोन नंबर, ना पत्ता. आठ-नऊ वर्षं त्या बाईने एक दार राखलं आणि आम्ही एका टेकमध्ये त्याचा निकाल लावला. मला धाकट्याचा असा संताप आला होता की त्याच्या कानाखाली दोन वाजवाव्यात. पण तो परत आला तेव्हा त्याचं तोंड बघून माझेच हात खाली आले.

दुसऱ्या दिवशी युनिट वेळेवर आलं. दिवे लागले, आवाजवाल्याने माइक लावले, आणि धाकटा बाहेरच्या खोलीत गुडघे जवळ घेऊन बसून राहिला. शूटिंग गुंडाळायचं की कसं, कोणी विचारेना. तेवढ्यात ताई कामाची साडी नेसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कुलपाचा सीन पुन्हा घ्यायचा. जसं झालं होतं तसा. चावीवाला येतो, आणि मी त्याला परत पाठवते.

धाकटा समजुतीच्या सुरात बोलला. म्हणाला, आई, मग सिनेमाच राहत नाही. सगळी गोष्ट दार बंद होण्याकडे चालली आहे, ते बंदच झालं नाही तर लोकांना काय दिसणार? आणि कुलूप बदलल्यानंतरचे जे सीन झालेत, सगळ्यात चांगले झालेत, ते फेकून द्यावे लागतील. ह्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, कारण हे सांगायचं काम माझं. मी सांगितलं की हो, जुळणार नाही.

“लोकांचं मी काय करू?” ताई म्हणाल्या. “त्याला दिसलं पाहिजे.”

“तो कधी बघणारच नाही, तर?”

“मग तू करतोस कशाला सिनेमा?”

धाकटा उठला. बराच वेळ तोंड धूत राहिला. बाहेर येऊन कॅमेरावाल्याला म्हणाला, लाव.

तो शॉटही एकाच टेकमध्ये झाला. चावीवाल्याला सांगितलं होतं की तू फक्त पेचकस लावायचा, पण हाताची सवय, त्याने खराच पहिला स्क्रू सोडवायला घेतला. ताई पुढे आल्या आणि त्यांनी कुलपावर तळहात ठेवला. त्यांना धाकट्याने चार वाक्यं दिली होती. त्यांनी ती म्हटली नाहीत. म्हणाल्या, “राहू दे. त्याच्याकडे ह्याची किल्ली आहे.” आणि तशाच उभ्या राहिल्या, हात न काढता. धाकट्याला कट म्हणायचं भान राहिलं नाही. चावीवाला तसाच थांबला, काडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला रडू आलं. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढली, शॉट चालू असताना नाक ओढायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

सिनेमा पुरा व्हायला बरेच महिने लागले. चांगले सीन खरंच फेकले. शेवट सपक झाला असं बऱ्याच जणांनी तोंडावर सांगितलं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मोठ्या थिएटरांनी साफ नकार दिला. मग धाकट्याने तो हातात घेऊन फिरायला सुरुवात केली. कॉलेजचे हॉल, वाचनालयं, कामगारांची सभागृहं, व्यसन सोडवणाऱ्या केंद्रांच्या जेवणाच्या खोल्या. गोदामं असलेल्या गावांना तो आधी जायचा. सगळीकडे ताई बरोबर.

पहिल्या खेळाला मी होते. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि ताईंनी पहिल्या रांगेतली आपली खुर्ची उचलून उलटी फिरवली. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. हॉलचा माणूस वाकून हळूच सांगायला गेला की बाई, पडदा तिकडे आहे. ठाऊक आहे मला, त्या म्हणाल्या. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडत होता आणि त्या एकेक तोंड बघत होत्या. सिनेमाभर तेच. लोकांना वाटलं, म्हातारीला स्वतःला पडद्यावर बघायची लाज वाटत असेल.

खेळ संपल्यावर त्यांनी धाकट्याला एकच गोष्ट सांगितली. इतर वेळी ठीक आहे, पण कुलपाच्या सीनला पडदा फार काळोखा होतो आणि मागच्या रांगेतले चेहरे दिसत नाहीत. नेमके तेव्हाच बघायला हवेत.

रंग आणि उजेड जुळवणाऱ्या माणसाकडे धाकटा गेला, तेव्हा पुढचेमागचे शॉट जुळतात का ते बघायला मलाही नेलं. त्या माणसाने उजेड वाढवला आणि नाक मुरडलं. म्हणाला, संध्याकाळची भर दुपार होतेय, सगळा मूड जातोय. मीही म्हटलं, जुळत नाही. धाकटा म्हणाला, जाऊ दे मूड, अजून वाढव, शेवटच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे.

त्यानंतरच्या एका खेळाला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले. माझ्या मनात कामाचाच विचार होता, किती खटकतंय ते बघायचं होतं. पुढे दोन खुर्च्या उलट्या होत्या, एक ताईंची आणि एक धाकट्याची. कुलपाचा सीन आला आणि हॉल दिवा लावल्यासारखा उजळला. पडद्यावर ताईंनी कुलपावर हात ठेवला, आणि खाली ती दोघं रांगेमागून रांग आमच्याकडे बघत होती, त्याने डावीकडून सुरुवात केली होती, त्यांनी उजवीकडून. शेवटच्या रांगेत ताईंची नजर माझ्या चेहऱ्यावर आली. त्यांनी मला ओळखलं, आणि शेजारच्या माणसाकडे बघितलं.